उतरत्या वजनाचा रिपोर्ट

वजनकाटा आणि लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, दोन्ही एकाच शरीराबद्दल बोलतात, पण दोघांचं बोलणं एका वेळी जुळेलच असं नाही. हे मला वाचनातून कळलं त्याच्या कितीतरी आधी माणसांच्या चेहऱ्यांवरून कळायला लागलं. मी साताऱ्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळी शटर वर जातं तेव्हा बाहेरच्या बाकावर उपाशीपोटी आलेली माणसं आधीच बसलेली असतात. त्यांत काही जण मला बघताक्षणी ओळखू येतात. पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं, शर्ट खांद्यावर सैल झालेला, गाल थोडे बसलेले आणि डोळ्यांत उत्सुकता. त्यांनी चार-सहा महिने साखर सोडलेली असते, वडापाव सोडलेला असतो, रात्रीचं जेवण संध्याकाळी सातवर आणलेलं असतं. आज ते रक्त द्यायला आलेले नसतात, निकाल घ्यायला आलेले असतात.

संध्याकाळी रिपोर्टचं पाकीट काउंटरवरच उघडलं जातं. आणि कधीकधी त्या कागदावर एखादा आकडा ठळक छापलेला असतो, जो आधीपेक्षा वाढलेला असतो. मग ते वाक्य येतं, जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी तेच: "एवढं सगळं करून हे?"

या वाक्यानंतर बरेच जण सगळं सोडून देतात. मला ते बघवत नाही. महिनोन्‌महिने जिभेवर ताबा ठेवलेला माणूस एका आकड्यापायी परत पहिल्यासारखा खायला लागतो आणि त्या आकड्याचा अर्थ त्याला कोणी सांगितलेलाच नसतो. म्हणून हे लिहिते आहे.

आधी थोडं रक्ताबद्दल. कोलेस्टेरॉल चरबीसारखा पदार्थ आहे, तो रक्ताच्या पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे प्रथिनांचं आवरण असलेल्या बारीक कणांतून त्याची ने-आण होते. त्यातले एलडीएल कण यकृताकडून बाहेर कोलेस्टेरॉल नेतात आणि संख्येने जास्त झाले की रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरून बसतात. एचडीएल कण उलट दिशेची वाहतूक करतात. ट्रायग्लिसराइड ही खरी साठवणीची चरबी, ती प्रामुख्याने व्हीएलडीएल नावाच्या मोठ्या कणांतून फिरते. आपण खातो त्यापेक्षा कितीतरी जास्त कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतं, त्यात यकृताचा वाटा मोठा. अंड्यातला बलक टाकून देणाऱ्यांना हे सांगितलं की ते माझ्याकडे संशयाने बघतात.

रक्त घेतलं की ते गोठू द्यायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं आणि वर राहिलेलं पिवळसर सीरम मशीनला द्यायचं. ट्रायग्लिसराइड फार वाढलेलं असेल तर मशीनची गरजच लागत नाही, सीरम दुधासारखं पांढरट दिसतं. एकदा ती नळी हातात धरून बघितली की "ट्रायग्लिसराइडने काय होतंय" असं म्हणायची हिंमत होत नाही.

पण लिपिड प्रोफाइलवरचे सगळेच आकडे मशीन मोजत नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं. अनेक लॅबमध्ये एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड हे तीन मोजतात. एलडीएल त्यातून वजाबाकीने काढतात. १९७२ साली अमेरिकेत विल्यम फ्रीडवाल्ड आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ते सूत्र दिलं. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करा, उरलं ते एलडीएल. ट्रायग्लिसराइड डेसिलिटरमागे ४०० मिलिग्रॅमच्या वर गेलं (रक्तातले इथले सगळे आकडे याच मापात आहेत) तर हे सूत्र वापरायचं नसतं. सोपं, स्वस्त, आणि एरवी पुष्कळ भरवशाचं. फक्त वजन उतरत असताना ते आपल्याला गोंधळात टाकू शकतं, आणि माझ्या दादाच्या बाबतीत नेमकं तेच झालं.

दादा बँकेत आहे. आमच्या आप्पांना बावन्नाव्या वर्षी हार्ट अ‍ॅटॅक आला होता, त्यामुळे दादाने चाळिशी ओलांडल्यावर आईचा त्याच्यामागे तपासण्यांचा धोशा सुरू झाला. पहिल्या रिपोर्टला एकूण कोलेस्टेरॉल २१०, ट्रायग्लिसराइड २६०, एचडीएल ३८ आणि एलडीएल १२० आलं. वजन ८८ किलो. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं आणि दादाने ते मनावर घेतलं. भात एका वेळेवर आणला, बँकेत साडेचारला येणारी भजी बंद केली, साखरेचा चहा सोडला. सहा महिन्यांत अकरा किलो उतरले. व्यायाम मात्र शून्य. बँकेतून घरी यायला रात्रीचे आठ वाजतात, चालणार कधी, असं तो म्हणायचा.

दुसऱ्या रिपोर्टला एकूण कोलेस्टेरॉल २०५, ट्रायग्लिसराइड १३०, एचडीएल ३६. एलडीएल १४३.

"तूच लावलंस ना मशीनला? परत एकदा लाव," दादा म्हणाला. मी परत लावलं. आकडे तेच.

"मग काय उपयोग झाला सांग बरं, छकुले? वाईट होतं ते वाढलं, चांगलं होतं ते कमी झालं."

मी पाकिटाच्या मागच्या बाजूला त्याला हिशेब करून दाखवला. पहिल्या वेळी २१० मधून ३८ गेले, १७२ राहिले. त्यातून २६० चा पाचवा भाग म्हणजे ५२ गेले, उरले १२०. दुसऱ्या वेळी २०५ मधून ३६ गेले, १६९ राहिले. त्यातून आता १३० चा पाचवा भाग, म्हणजे २६च गेले. उरले १४३. ट्रायग्लिसराइड निम्म्यावर आलं म्हणून वजा करायची रक्कम निम्मी झाली. एचडीएल सोडून उरलेलं सगळं कोलेस्टेरॉल, ज्याला डॉक्टर नॉन-एचडीएल म्हणतात, ते १७२ वरून १६९ वर आलं होतं. थोडं का होईना, खालीच.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. शरीरातही तसंच काहीसं घडतं. ट्रायग्लिसराइड खूप असतं तेव्हा एलडीएलचे कण बारीक आणि घट्ट होतात, प्रत्येक कणात कोलेस्टेरॉल कमी मावतं. मग कणांची संख्या भरपूर असूनही एलडीएलचा आकडा सभ्य दिसतो. ट्रायग्लिसराइड उतरलं की कण मोठे होतात, एकेकात जास्त कोलेस्टेरॉल मावतं आणि आकडा वर सरकतो. म्हणजे दादाचं पहिलं १२० हे जितकं निर्धास्त वाटत होतं तितकं ते नव्हतंच. कणांची संख्या बघायची तर अपोबी नावाची तपासणी असते. ट्रायग्लिसराइड जास्त असलेल्यांनी तिच्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं.

आता दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त आश्चर्याची वाटते. आपल्या अंगावरची चरबी म्हणजे नुसतं तेल नव्हे. तिच्यात कोलेस्टेरॉलही साठलेलं असतं, आणि स्थूल माणसात शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलचा मोठा हिस्सा तिथे असतो. चरबी वितळायला लागली की त्यातलं ट्रायग्लिसराइड जळून जातं, पण कोलेस्टेरॉल जळत नाही. शरीराला ते इंधन म्हणून वापरताच येत नाही. ते रक्तात यावं लागतं, यकृताकडे जावं लागतं आणि पित्तातून बाहेर पडावं लागतं. घर रंगवायला काढलं की माळ्यावरच्या ट्रंका, जुनी भांडी, गाद्या सगळं अंगणात येतं. त्या दिवशी पाहुणा आला तर त्याला वाटेल, केवढा हा पसारा.

स्टीफन फिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे, सहाच स्त्रियांचा. पण त्यांनी मधल्या मधल्या काळात पुन्हा पुन्हा रक्त तपासलं, म्हणून तो मोलाचा. या स्त्रिया अतिशय कमी कॅलरीच्या आहारावर होत्या आणि पाच ते सात महिन्यांत सरासरी तीस किलो उतरल्या. सुरुवातीला त्यांचं एकूण कोलेस्टेरॉल साधारण २१२ होतं. पहिल्या एक-दोन महिन्यांत ते १४० पर्यंत घसरलं. त्या वेळी कोणी थांबून रिपोर्ट काढला असता तर पेढे वाटले असते. पण वजन उतरतच राहिलं आणि कोलेस्टेरॉल पुन्हा चढून २३० वर गेलं, सुरुवातीपेक्षाही वर. वजन उतरणं थांबलं, त्या नेहमीच्या बेताच्या खाण्यावर आल्या, तेव्हा ते १९० च्या आसपास येऊन स्थिरावलं. त्याच स्त्रिया, तोच प्रयत्न. कोणत्या महिन्यात सुई टोचली यावर निकाल ठरला असता.

हे निघणारं कोलेस्टेरॉल पित्तातून बाहेर पडतं, याचा आणखी एक परिणाम होतो. पित्तात ते प्रमाणाबाहेर झालं की खडे धरतात. कमी खाण्यामुळे, विशेषतः जेवणात तेल-तूप अगदीच नसेल तर, पित्ताशय नीट आकुंचन पावत नाही आणि पित्त तिथेच साचून राहतं. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वेगाने वजन उतरवणाऱ्यांत पित्ताशयाच्या खड्यांचा धोका लक्षणीय वाढतो. शास्त्रज्ञांना कोलेस्टेरॉल पहिल्यांदा सापडलं तेही अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये, पित्ताच्या खड्यांतच. "एका महिन्यात दहा किलो"ची जाहिरात बघितली की मला उजव्या बरगडीखाली हात दाबून सोनोग्राफीला निघालेली माणसं आठवतात.

दादाचं एचडीएल का उतरलं, हा प्रश्न राहिला. तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडची खरी अडचण तिथे आहे. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 'इंडियाब' या मधुमेह पाहणीचा २०१४ साली आलेला एक निबंध मी जपून ठेवला आहे. तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड इथल्या शहरांत आणि खेड्यांत रक्त तपासलं होतं. एकूण कोलेस्टेरॉल जास्त असलेले लोक १३.९ टक्के. ट्रायग्लिसराइड जास्त असलेले २९.५ टक्के. आणि एचडीएल कमी असलेले ७२.३ टक्के. चारातले जवळजवळ तीन. आमच्या लॅबमध्ये रोज निघणाऱ्या कागदांवर जे दिसतं ते याहून वेगळं नाही.

एचडीएल आणि वजन यांचं नातं सरळ नाही. १९९२ साली डॅटिलो आणि क्रिस-एथर्टन या दोन अमेरिकी संशोधकांनी सत्तर अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. वजन उतरत असताना प्रत्येक किलोमागे एचडीएल सुमारे ०.२७ मिलिग्रॅमने कमी होतं. तेच वजन नव्या जागी स्थिर झालं की घटलेल्या प्रत्येक किलोमागे ते ०.३५ मिलिग्रॅमने वाढलेलं दिसतं. दहा किलो उतरवणाऱ्याचं एचडीएल वाटेत असताना पावणेतीनच्या आसपास खाली आणि पोचल्यावर तीन-साडेतीनने वर. दादाचं दोनने खाली आलं होतं, साधारण हिशेबात बसणारं.

कारण साधं आहे. ट्रायग्लिसराइड वाहणारे कण स्नायूंत आणि चरबीत एका विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, मदतीने फुटतात, त्याचं नाव लायपोप्रोटीन लायपेज. ते कण फुटले की त्यांच्या आवरणाचा उरलेला भाग एचडीएलला मिळतो. माणूस पोटाला चिमटा काढून राहिला की चरबीतलं हे काम मंदावतं. साठवायलाच काही नाही तर विकर करणार काय? मग एचडीएलला मिळणारा मालही घटतो. पण स्नायूंतलं लायपेज व्यायामाने वाढतं. डाएटने बंद होत चाललेलं दार चालण्याने दुसरीकडून उघडतं. म्हणून कमी खाणं आणि चालणं ही एकाच कामाची दोन रूपं आहेत, त्यातलं कुठलंही एक निवडलं तरी चालेल, हे जे सर्रास सांगितलं जातं ते मला पटत नाही. दोघांची कामं वेगळी आहेत.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या पीटर वुड यांच्या गटाने हे वर्षभराचे प्रयोग करून दाखवलं. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात स्थूल स्त्री-पुरुषांपैकी काहींना नुसता आहार दिला आणि काहींना आहार अधिक व्यायाम. पुरुषांत व्यायाम जोडलेल्यांचं एचडीएल नुसत्या आहारवाल्यांपेक्षा जास्त वाढलं. स्त्रियांत तर नुसत्या आहाराने एचडीएल उतरलं आणि व्यायाम जोडला तिथे ते टिकलं. त्याच विद्यापीठातल्या मार्सिया स्टेफानिक यांनी १९९८ साली आणखी पुढचं दाखवलं: एचडीएल कमी आणि एलडीएल जास्त असलेल्या लोकांत चरबी कमी केलेल्या आहाराने एलडीएल म्हणावं तसं हललंच नाही, पण त्याच आहाराला व्यायामाची जोड मिळाली तिथे ते खाली आलं.

हे मी वहिनीला सांगितलं तेव्हा तिने दादाला काही सांगितलं नाही, दुसऱ्या दिवसापासून पहाटे त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढायला सुरुवात केली. साताऱ्यात चालायला जागा शोधावी लागत नाही. अजिंक्यताऱ्यावर पहाटे निम्मं गाव असतं. निवृत्त मास्तर, पोलीस भरतीची पोरं, डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका. सप्टेंबरात हिल मॅरेथॉन जवळ आली की यवतेश्वरच्या घाटात धावणाऱ्यांची रीघ लागते. दादाला धावायचं नव्हतं आणि गरजही नव्हती. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात २००२ साली झालेला एक प्रयोग मला या बाबतीत फार धीर देणारा वाटतो. आठवड्याला साधारण १९ किलोमीटर चालणारे, तितकंच जॉगिंग करणारे आणि ३२ किलोमीटर जॉगिंग करणारे असे गट केले होते, आणि कोणाचंही वजन कमी होऊ नये याची काळजी घेतली होती. वजन न उतरताही रक्तातल्या कणांत सुधारणा झाली. एलडीएलचे बारीक घट्ट कण कमी झाले, कण मोठे झाले. वेगापेक्षा अंतराचा प्रभाव जास्त दिसला. १९ किलोमीटर चालणाऱ्यांना आणि तेवढंच पळणाऱ्यांना मिळालेल्या फायद्यात फारसा फरक नव्हता. गुडघे दुखतात म्हणून पळता न येणाऱ्या माणसाला याहून चांगली बातमी कोणती द्यावी?

एचडीएल वाढवायला आठवड्याला किमान दोन तास व्यायाम लागतो, असं २००७ साली जपानी संशोधकांनी पंचवीस अभ्यासांवरून काढलं होतं. वाढ थोडीच होते, सरासरी अडीच मिलिग्रॅम. पण चालण्याचा ट्रायग्लिसराइडवरचा परिणाम दुसऱ्याच दिवशी दिसतो, आणि तो एक-दोन दिवसांत ओसरतो. म्हणून रविवारी एकदाच कासला जाऊन येण्यापेक्षा रोजचं चालणं बरं. तपासणीच्या आदल्या दिवशी मुद्दाम मोठा चढ चढून येणारे लोकही मी पाहिले आहेत. ते स्वतःच्याच डॉक्टरला चुकीचं चित्र देत असतात.

खाण्याबद्दल इतकं बोललं जातं की मी थोडक्यातच लिहिणार होते, पण काही गोष्टी राहवत नाहीत. आपल्याकडे "कोलेस्टेरॉल वाढलंय" म्हटलं की पहिलं तेल-तूप जातं आणि त्या जागी साबुदाणा, भात, मारी बिस्किटं आणि साखरेऐवजी गुळाचा चहा येतो. एलडीएलसाठी तूप, लोणी, खोबरेल, वनस्पती तूप आवरणं योग्यच आहे, कारण त्यातली संपृक्त चरबी यकृताचं एलडीएल उचलण्याचं काम मंदावते. पण ट्रायग्लिसराइड वाढतं ते जास्तीच्या पिठूळ आणि गोड खाण्याने, दारूने आणि पोटावरच्या चरबीने. नवरात्र संपल्यावरच्या आठवड्यात आमच्याकडे येणाऱ्या सॅम्पल्समध्ये ट्रायग्लिसराइड वर गेलेलं मी बऱ्याचदा बघते. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण ज्याने केली त्याला लिपिड प्रोफाइल ठाऊक नव्हतं, पण शरीर ठाऊक होतं.

एलडीएल खाली आणणाऱ्या गोष्टींत पाण्यात विरघळणाऱ्या तंतूंना मान आहे. ते आतड्यात पित्ताम्लांना धरून बाहेर नेतात, आणि नवी पित्ताम्लं बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलतं. त्यासाठी सगळे ओट्स आणतात. ओट्समध्ये ते तंतू आहेत हे खरंच आहे, त्यातलं बीटा-ग्लुकन रोज तीन ग्रॅम पोटात गेलं तर एलडीएल पाच-सात टक्क्यांनी उतरतं. पण आमच्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला जीआय मानांकन आहे, आणि कडधान्यांत हे तंतू भरपूर असतात. घेवड्याची उसळ, भाकरी आणि कच्चा कांदा या जेवणाला डाएट म्हणायला लोक तयार नसतात, याचं मला वाईट वाटतं. पाकिटातून येत नाही ते पथ्य नाही, असं कधी ठरलं?

एक धोक्याची सूचना मात्र मनापासून. वजन उतरताना एलडीएल थोडं वाढलं तर ते तात्पुरतं असू शकतं, हे मी वर लिहिलं. पण पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद करून लोणी, चीज, मटण, खोबरेल यांवर राहणाऱ्या काही जणांचं एलडीएल २०० च्या पार जातं, विशेषतः जे मुळात बारीक असतात त्यांचं. त्यांचं ट्रायग्लिसराइड उतरलेलं आणि एचडीएल वाढलेलं असतं, म्हणून ते खुशीत असतात. हे एलडीएल अंगणात आलेला पसारा नव्हे. ते खाणं चालू आहे तोवर तेही चालू राहणार. अशा माणसाने "उतरेल आपोआप" म्हणून बसू नये, डॉक्टरांकडे जावं. अडीच-तीनशे आकडा कुठल्याही डाएटशिवाय दिसत असेल तर घरातल्या सगळ्यांचीच तपासणी करावी, कारण जन्मतःच एलडीएल जास्त असण्याचा आनुवंशिक दोष साधारण अडीचशे माणसांत एकाला असतो.

रिपोर्टचं आणखी एक सांगते, आमच्या बाजूचं. काहीही न बदलता एकाच माणसाचं एकूण कोलेस्टेरॉल आठवड्याच्या अंतराने पाच-सहा टक्क्यांनी खालीवर होतं. ट्रायग्लिसराइड वीस टक्क्यांनीही हलतं. दंडाला पट्टा जास्त वेळ बांधून ठेवला तर आकडा फुगतो. बराच वेळ आडवं पडून राहिलेल्या माणसाचा उतरतो. तापातून उठलेल्या माणसाचं कोलेस्टेरॉल कमी येतं, थायरॉइड मंद असलेल्याचं जास्त. म्हणून २०५ आणि २१० यांत फरक शोधत बसू नये. वजन महिना-दीड महिना एका जागी टिकलं की, नेहमीचं जेवण आणि नेहमीचं चालणं चालू ठेवून तपासावं. मधली तपासणी डॉक्टरांनी सांगितली असेल तर ती करावीच, पण ती वाटेतली आहे हे लक्षात ठेवून वाचावी.

आणि वजन मुळात कमीच आहे म्हणून निश्चिंत असणाऱ्यांसाठी: पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडसडीत, आतून चरबीयुक्त, ही आपली ठेवण त्यांनी जगापुढे मांडली. अशा माणसाला वजन उतरवायला सांगून काय होणार? त्याला स्नायू कमवावे लागतात, चालावं लागतं, थोडं वजन उचलावं लागतं. काट्यावर काहीच दिसणार नाही आणि रक्तात मात्र दिसेल.

दादाचं वजन ७७ वर टिकलं. वहिनीबरोबर अजिंक्यताऱ्याच्या पहिल्या दरवाजापर्यंत जाणं-येणं अंगवळणी पडलं. तिसऱ्या रिपोर्टला एकूण कोलेस्टेरॉल १८८, ट्रायग्लिसराइड ११०, एचडीएल ४२, एलडीएल १२४. नॉन-एचडीएल १७२ वरून १४६ वर आलं. मी आनंदले. डॉक्टरही खुश झाले, आणि तरी आप्पांचा इतिहास बघून त्यांनी दादाला स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, सुरू केली.

दादा घरी येऊन गप्प बसला. "मग चाललो कशाला एवढं?" 

मला हा प्रश्न "एवढं सगळं करून हे?" याचाच भाऊ वाटतो, आणि त्याचं उत्तर मी त्याला शांतपणे दिलं. एलडीएल किती राहावं यात यकृताची जन्मजात ठेवण मोठी असते. यकृताच्या पेशींवर एलडीएल उचलून घेणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात, हे शोधल्याबद्दल मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९८५ साली नोबेल मिळालं. ते किती असावेत हे आपण आई-वडिलांकडून घेऊन येतो, आणि पाच-आठ किलो वजन उतरवून एलडीएल सरासरी पाच मिलिग्रॅमच खाली येतं. जपानच्या अकिरा एंडो यांनी बुरशीतून शोधलेल्या स्टॅटिनमुळे यकृत स्वतःचं उत्पादन कमी करतं आणि ते ग्राहक वाढवतं. पण स्टॅटिन दादाची कंबर कमी करणार नव्हती, त्याची साखर आणि ब्लड प्रेशर ताब्यात ठेवणार नव्हती, ट्रायग्लिसराइड २६० वरून ११० वर आणणार नव्हती. ते त्याने स्वतः केलं होतं. आप्पांना बावन्नाव्या वर्षी यातलं काहीच मिळालं नव्हतं, ना गोळी, ना कोणी चालायला सांगणारं.

दादा गोळी घेतो. चालणं चालू आहे.

आमच्या लॅबच्या मॅडमना मी हे सगळं सांगितलं होतं. तपासणीच्या फॉर्मवर नाव, वय, किती तास उपाशी, कोणती औषधं एवढंच विचारत होतो. त्यात त्यांनी एक ओळ वाढवली: गेल्या तीन महिन्यांत वजनात फरक आहे का? परवा एक बाई आल्या. मुलीच्या लग्नाला शालू नेसायचा म्हणून नऊ किलो उतरवलंय, अजून तीन राहिलेत, म्हणाल्या. मी ते ओळीपुढे लाल पेनाने लिहिलं, म्हणजे त्यांच्या डॉक्टरांच्या नजरेतून सुटणार नाही. रिपोर्ट हातात देताना सांगितलं, काकू, यातला एचडीएलचा आकडा बघून घाबरू नका, लग्न झालं, वजन थांबलं की महिन्याभराने परत या. त्यांनी तारीख माझ्याकडूनच पाकिटावर लिहून घेतली.